पिस्टनवरचा गंज

मी बंदुका दुरुस्त करते असं सांगितलं की आमच्या मंडळाच्या गणपतीत हमखास दोन गोष्टी व्हायच्या. पुरुष खुर्च्या ओढून जवळ यायचे आणि त्यांच्या बायका पोरांना घेऊन पलीकडच्या टेबलावर जायच्या. मग कुणीतरी विचारायचं, "कुंदाताई, तुम्हाला भीती नाही वाटत?" मला भीती वाटायची ती गिऱ्हाइकांची. बंदूक बिचारी तिला सांगाल तेवढंच करते.

यंदा मी काम सोडलं. लगेच मंडळाच्या अंकाची संपादक मेधा फोनवर हजर. "तुझ्या गन शॉपवर लिही. आणि प्लीज, जन्मापासून सुरू करू नकोस." बरं बाई, जन्म वगळला. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्याला भोसरीच्या एका कारखान्यात मी डिझेल इंजिनाची नोझल बनवायचे. डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी भोकं पाडायची आणि त्यातला कचरा काढायचा, हे मी सात वर्षं केलं. नवऱ्याला, श्रीकांतला, कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आलो, तर इथे माझ्या डिप्लोमाला कुणी विचारेना. मुकाट्याने सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसले. एकदा गावाबाहेरच्या एका दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली, लेथ चालवता येणारा माणूस पाहिजे. आत शिरल्यावर कळलं की दुकान बंदुकांचं आहे.

मालक रॉन. तेव्हा साठीचा, कानामागे पेन्सिल, चेहरा कायम नुकतंच कुणाशी तरी भांडून आल्यासारखा. कुठून आलीस, व्हिसा कुठला, असलं काही विचारलं नाही. एक मोडका स्क्रू हातात दिला आणि म्हणाला, "असा एक करून दाखव." मी करून दिला. त्याने भिंग लावून तो चांगला पाच मिनिटं बघितला. "सोमवारी ये," म्हणाला. या देशात माझं काम बघून मला काम देणारा तो पहिला माणूस. पुढे पोलिसांचे सगळे सोपस्कार झाले आणि मी एकवीस वर्षं तिथेच राहिले.

आता थोडं कामाबद्दल, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. या देशात मोठ्या काडतुसाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल साध्या माणसाला ठेवता येत नाही. छोटी, पॉइंट टू-टू मापाच्या काडतुसाची चालते, आणि छर्ऱ्यांची सेमी-ऑटो शॉटगन चालते. शॉटगन म्हणजे मातीच्या तबकड्या हवेत उडवून त्या फोडायच्या खेळात वापरतात ती. तिच्या पोटात काय घडतं ते सोपं आहे. काडतूस उडालं की दारूचा गॅस छर्ऱ्यांना पुढे ढकलतो. त्यातला चिमूटभर गॅस नळीच्या खालच्या दोन बारीक भोकांतून पिस्टनवर येतो आणि त्याला मागे रेटतो. त्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर पडते, मग स्प्रिंग सगळं पुन्हा जागेवर आणते आणि नवं काडतूस आत जातं. हे सगळं तुम्ही "अगं बाई" म्हणेपर्यंत.

गॅस जास्त झाला तर बंदूक आदळआपट करते, खांद्याला दणका बसतो, पुंगळी वीस फूट लांब जाऊन पडते. कमी झाला तर पुंगळी अर्धवट बाहेर येऊन तिथेच अडकते. माझं काम म्हणजे गॅस, स्प्रिंग आणि काडतूस या तिघांचं जमवून देणं. जमलंय की नाही हे कळतं पितळेवरून. पुंगळीचं बूड पितळेचं असतं. त्याची कड फाटली असेल, त्यावर ओरखडा असेल, एका बाजूला पोचा असेल, तर आत काय बिनसलंय ते तिथेच वाचता येतं.

हे वाचायला मला शिकवलं पिकरिंग नावाच्या एका गिऱ्हाइकाने. त्याची जुनी रायफल होती आणि तिच्या पुंगळ्या बाजारात मिळेनाशा झालेल्या. तो एकेक पुंगळी पुन्हा पुन्हा भरून वापरायचा. अंड्यांच्या खोक्यात कापूस घालून त्यात त्या मांडून आणायचा आणि काउंटरवर मला एकेकीची तक्रार सांगायचा. "हिच्या मानेवर बघ. गेल्या आठवड्यात हे नव्हतं." त्याची बायको एकदा माझ्या कानात म्हणाली, "इतकं निरखून त्याने माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतं." चक्रम माणूस, पण त्याच्यामुळे मला पितळ कळायला लागलं.

तर आता एमलिन.

एमलिन शहात्तर वर्षांचा, वेल्श. मेंढ्या मुलाच्या ताब्यात देऊन मोकळा झालेला, पण बोलणं सगळं मेंढ्यांचंच. चाळीस वर्षं तो आणि त्याचे तीन मित्र आपल्या क्लबच्या ऑक्टोबरच्या मॅचला एकत्र उतरायचे. चौघांची टीम. त्या वर्षी त्याच्या खांद्याचा सांधा बदलला आणि डॉक्टरांनी बजावलं, दणका बसेल असं काही करायचं नाही. आयुष्यभर दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, वापरलेला माणूस, आणि तिचा सगळा दणका थेट खांद्यावर. तो दुकानात आला, स्टुलावर बसला आणि रॉनला म्हणाला, "मला जिंकायचं नाहीये. मला त्या तिघांच्या शेजारी उभं राहायचंय. पुढच्या वर्षी आम्ही चौघं असू की नाही कुणास ठाऊक."

सेमी-ऑटोचा दणका कमी बसतो, म्हणून रॉनने त्याला एक जुनी सेमी-ऑटो दिली आणि जुळवायचं काम माझ्याकडे. सगळ्यात हलकी काडतुसं घेतली तर खांदा सांभाळला जातो, पण त्यांचा गॅस इतका बेताचा की पिस्टन पुरता मागे सरकेना. तीन आठवडे मी तिच्या मागे होते. मऊ स्प्रिंग घातली, भोकं लखलखीत केली, पिस्टनला नवी रिंग बसवली. ही रिंग म्हणजे पिस्टनभोवतीचं पातळ कडं. ते जरा फुलतं आणि गॅस गळू देत नाही. अखेर एका दुपारी रेंजवर पुंगळी चार पावलांवर अल्लद पडायला लागली. एमलिन सोबत होता. मी एक उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. पितळेवर एक रेघ नाही. तो म्हणाला, "कोंबडीने अंडं घातल्यासारखी पडली की गं!" मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं, कबूल करते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

दरवर्षी खंडेनवमीला मी रॉनच्या आधी अर्धा तास दुकानात जायचे. लेथ, व्हाइस, कानशी, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, एकेक फूल. भोसरीच्या कारखान्यात ते सगळेच करायचे. इथे मी एकटी करायचे आणि रॉन यायच्या आत पुसून टाकायचे. त्याला सांगायला काय झालं होतं? काहीच नाही. पण कुठली गोष्ट घरात ठेवायची आणि कुठली बाहेर काढायची, हा हिशेब परदेशात आपण सगळेच करतो, तुम्हाला मी काय सांगायचं!

त्या सकाळी एमलिनची बंदूक साफ करून, सुटी करून ट्रेमध्ये मांडलेली होती. गिऱ्हाइकाच्या वस्तूला मी एरवी कधी हात लावत नसे. पण त्या दिवशी मन म्हणालं, ऑपरेशननंतरची म्हाताऱ्याची पहिली मॅच आहे, असू दे थोडा आशीर्वाद. नळीला हळदकुंकू लावलं, दस्त्याला लावलं आणि पिस्टनलाही लावलं. मग सगळं नीट पुसलं आणि बंदूक जोडली.

रॉनचा एक नियम होता. जोडलेली बंदूक झाडून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जायची नाही, मग ती आदल्या दिवशी बघितलेली का असेना. मी तो नियम एकवीस वर्षांत एकदाच मोडला. एमलिन वेळेआधीच दारात, त्याची बायको ग्वेन गाडीत बसलेली, रॉन अजून यायचा होता. मी म्हटलं, कालच तर बघितलीय. आणि दिली.

पुढच्या मंगळवारी दोघं दुकानात आले. एमलिनने बंदुकीची पिशवी काउंटरवर ठेवली. मग मॅचचं कळलं. पहिल्या दहा तबकड्या ठीक गेल्या. मग पुंगळी अडकली. त्याने काढली. पुन्हा अडकली. सगळा क्लब बघत होता, पुढच्या पाळीची टीम मागे ताटकळत उभी होती. तिसऱ्यांदा अडकली तेव्हा त्याने बंदूक पिशवीत घातली आणि गाडीत जाऊन बसला. बाकीचे तिघं तिघंच खेळले. "मी त्यांना सांगितलंय, दुसरा माणूस बघा," तो म्हणाला. "आणि ही विकून टाक, रॉन."

रॉनने तिथेच बंदूक उघडली. पिस्टन उजेडात धरला. रिंगेच्या खोबणीत तांबडं-तपकिरी काहीतरी भाजून घट्ट बसलं होतं, त्यामुळे रिंग फुलतच नव्हती. हलक्या काडतुसांचा बेताचा गॅस सगळा बाजूने गळत होता.

"गंज," रॉन म्हणाला. "ठेवतोस कुठे ही?"

एमलिन हळूच ग्वेनकडे वळला. खांद्याच्या ऑपरेशननंतर त्याला जिना चढताना आधार घेता येईना, म्हणून ग्वेननेच हट्टाने बंदुकांचं लोखंडी कपाट खाली युटिलिटी रूममध्ये बसवून घेतलं होतं. वॉशिंग मशीनच्या शेजारी.

"मी सांगत होतो की नाही?" एमलिन म्हणाला. "दिवसभर ते कपडे, ती वाफ. चाळीस वर्षं वरच्या मजल्यावर होतं ते कपाट. कधी गंज चढला होता?"

"तू जिन्यावरून पडला असतास," ग्वेन म्हणाली.

"पडलो असतो तर बरं झालं असतं."

ग्वेनने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. डोळे भरून आले होते, पण परक्यांसमोर रडायचं नाही म्हणून ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. एमलिन मात्र थांबेना. "माझ्या वडिलांची दुनळी पण आहे त्याच कपाटात. ती तरी वाचू दे. आजच्या आज ते मशीन बाहेर शेडमध्ये जाईल."

ते गेल्यावर रॉन चहा करायला मागे वळला आणि मी कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन ती पिस्टनच्या खोबणीतून फिरवली. गंज असा निघत नाही. हे निघालं. लालभडक, कडेला थोडं पिवळं. पुसताना खोबणीत राहिलेलं हळदकुंकू, त्यात बंदुकीचं तेल, त्यावर दहा काडतुसांची धग. तेलातलं कुंकू काय चिवट असतं हे बायकांना तरी सांगायला नको. मी काडी मुठीत धरली, डस्टबिनमध्ये टाकली आणि गप्प बसले.

हो, गप्प बसले. दोन दिवस. लिहिताना अजून लाज वाटते. रॉनने त्या बंदुकीला 'विकणे आहे'चं लेबल बांधलं आणि मी समोर बसून दुसऱ्या बंदुकीला कानस मारत होते.

घरी सांगितलं तेव्हा श्रीकांत म्हणाला, "तो स्वतः गंज म्हणतोय ना? मग तू कशाला तोंड उघडतेस? पूजा केली म्हणून सांगशील, तर उद्या उगाच काहीतरी भलतंच उभं राहील. नोकरी जाईल." तो माझ्या काळजीनेच बोलत होता. आमची केतकी इथेच जन्मलेली, तेव्हा कॉलेजात होती. तिचं मराठी म्हणजे बघायलाच नको. ती फोर्क खाली ठेवून म्हणाली, "आई, म्हणजे तू ते बाईला रडू दिली? आणि तिचा वॉशिंग मशीन शेडमध्ये गेली? दॅट्स ऑफुल, आई." मुलगी बोलली आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. बंदूक विकली गेली तर दुसरी मिळते. पण त्या बाईने नवरा जिन्यावरून पडू नये म्हणून जे केलं, त्याचं खापर तिच्याच डोक्यावर फुटलं होतं, आणि फोडणारी मी होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी रॉनने कोट काढायच्या आत मी त्याला सगळं सांगितलं. खंडेनवमी, कुंकू, पिस्टन, न झाडता दिलेली बंदूक. कुंकवाची डबी काउंटरवर ठेवली. त्याने बोट बुडवून बघितलं, तेलाचा थेंब टाकून चोळून बघितलं. मला वाटलं, आता पूजेवरून बोलेल. तो म्हणाला, "मंगळवारी तुला माहीत होतं?"

"ते दोघं गेल्या गेल्या कळलं."

"पन्नास वर्षं या धंद्यात आहे मी. गिऱ्हाइकासमोर मी गंज म्हणालो, आणि कळल्यावरही दोन दिवस तू मला तसंच चुकीचं राहू दिलंस." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "तुझं देवाचं काय ते तू बघ. त्यात मला पडायचं नाही. पण झाडून न बघता दिलीस, आणि गप्प बसलीस." मग त्याने बंदुकीचं लेबल कापलं आणि चुरगाळून माझ्या हातात दिलं. "त्यांच्या घरी जा. मी येणार नाही, फोनही करणार नाही. तुझ्या तोंडून कळू दे. आणि दुपारपर्यंत परत ये, लेथवर काम पडलंय."

परत ये म्हणाला. मी गाडीत बसून आधी पोटभर रडले आणि मग निघाले. त्या दोन शब्दांसाठी मी त्या माणसाची जन्माची ऋणी आहे.

एमलिन पुढच्या वर्षी खेळला, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही काळजी करत बसाल. त्याच टीममध्ये, चौघं, आणि त्याच बंदुकीने. त्या दिवशी मात्र यातलं काहीच नक्की नव्हतं.

ग्वेनने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात ओल्या कपड्यांची टोपली होती. बाहेर भुरभुर पाऊस, आणि ती अंगण ओलांडून शेडमधून आलेली, पायात गमबूट. एमलिन किचनमध्ये पेपर वाचत होता. दोघांत बोलणं बंद आहे हे टेबलाच्या दोन टोकांना ठेवलेल्या कपबशांवरूनही कळत होतं.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. "एमलिन, तो गंज नव्हता. वॉशिंग मशीनचा काही संबंध नाही. चूक माझी आहे." डबी उघडून टेबलावर ठेवली. हे काय, कशाला लावतात, ते सांगताना माझं इंग्रजी पार कोलमडलं. शेवटी एवढंच म्हणाले, "आमच्यात वर्षातून एक दिवस, जे आपल्यासाठी राबतं त्याला आपण हे लावतो. हत्यार असो, मशीन असो. तुमचं चांगलं व्हावं म्हणून मी ते तुमच्या बंदुकीला लावलं, आणि तुमचा खेळ घालवला. मला माफ करा." मग ग्वेनकडे वळले. "आणि तुमचीही माफी. मला मंगळवारीच कळलं होतं. मी बोलले नाही."

एमलिन डबीकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढला आणि ग्वेनला वेल्शमध्ये काहीतरी विचारलं. तिने वेल्शमध्येच उत्तर दिलं, बरंच मोठं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण म्हातारा बोलणं संपेपर्यंत मान खाली घालून बसला होता. मग ग्वेन मला म्हणाली, "जे राबतं त्याला लावतात म्हणालीस ना?"

"हो."

"कसं लावतात?"

मी अनामिका दाखवली. कुंकवात एक थेंब पाणी घातलं. मला वाटलं तिला लावायचंय. तिने डबी उचलली ती एमलिनच्या हातात दिली आणि दार उघडून बाहेर चालू लागली. तो मुकाट्याने उठला. मी मागोमाग.

शेडमध्ये जुने टायर, मेंढ्यांच्या खाद्याची पोती, आणि मधोमध ते पांढरं मशीन, पाइप खिडकीतून आत घेतलेला. ग्वेन हाताची घडी घालून उभी राहिली. एमलिनने एकदा माझ्याकडे बघितलं. मग दुखऱ्या हाताचा खांदा हळूहळू उचलत, बोट कुंकवात बुडवून, त्याने मशीनच्या दारावर बरोबर मधोमध एक टिकली लावली. कुंकवाचा ओघळ खाली आला. तो पुसायला गेला, तशी ग्वेन म्हणाली, "राहू दे." आणि मग म्हणाली, "आता मशीन घरात घे."

एमलिनने खिशातून फोन काढला आणि मशीन उचलायला मुलाला बोलावलं.